पेटीतली मधली जागा

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या वेअरडेलच्या खोऱ्यात राल्फ नॅट्रसला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्याच्या बायकोला, विनीला, मात्र कुणी कधी काही विचारलं नाही. म्हणून तिचंच सांगते.

राल्फ जुन्या शिशाच्या खाणींतून स्पारचे, म्हणजे काचेसारख्या रंगीत स्फटिकांचे, खडे काढायचा. खाणी बंद पडून जमाना झाला, पण आमच्याकडच्या पुरुषांना ते अजून पटलेलं नाही. चॅपलची प्रार्थना उरकली की हे आपले डोंगराच्या भोकात. आज्यापणज्यांनी शिसं खणता खणता हाती लागलेले देखणे खडे जेवणाच्या डब्यातून घरी आणले आणि काचेच्या पेटीत रचले. आत आरसे लावून चिमुकली गल्ली उभी केली. ती आमची स्पारपेटी. तिचा एकच कायदा, खडा त्याच घरच्या हातानं खाणीतून काढलेला हवा. विकतचा चालत नाही, भेट आलेलाही नाही. एकानं बाजारातला मोरोक्कोचा खडा लावला होता, लोक अजून त्याच्या पेटीकडे पाठ करून चहा पितात.

राल्फची पेटी लग्नाच्या वर्षी सुरू झाली आणि विनीनं सवत नांदवावी तशी ती नांदवली. त्याचे चिखलाचे कपडे धुतले, हॅम भरलेले जाड स्टॉटी पाव बांधून दिले, उशीर झाला की फाटकात उभी राहिली. पण खड्यांना हात लावायचा नाही. "ते तुझं काम नव्हे, पोरी," तो म्हणायचा. सत्तरीतल्या बायकोला तो अजून पोरीच म्हणायचा. खडे तो स्वतः परसातल्या दगडी डोणीत धुवायचा, तेही मागचं दार ओढून घेऊन. बाईचं पाऊल खाणीत पडलं की अपशकुन, हेही एक शहाणपण होतंच. "आता तिथं अपशकुन व्हायला उरलंय काय?" विनी विचारायची. तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

पेटीत एकच जागा उरली होती, मधोमध, आरशांच्या गल्लीच्या टोकाला. तिथं त्याला हिरवा स्पार हवा होता, घरात हिरवा दिसणारा आणि उन्हात धरला की निळा पडणारा. सापडले तसे पुष्कळ, पण कुणाचा कोपरा उडालेला, कुणात डाग. एकही पठ्ठ्याच्या पसंतीला उतरेना. आणि मग छातीनं दगा दिला. खाणीची धूळ फुप्फुसात बसली होती, जिना चढताना मध्येच टेकावं लागे. डॉक्टरांनी विनीला बाजूला घेऊन सांगितलं ते तिनं त्याला सांगितलं नाही. त्याला ते आधीच कळलं होतं, त्यानंही तिला सांगितलं नाही.

तो दिवसभर पेटीसमोर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघायचा. ताटातलं ताटातच राहायचं. हा माणूस ही एवढीशी जागा मनात घेऊन जाणार, हे तिला सहन होईना.

जुन्या खाणी धुंडाळणाऱ्या मंडळींचा म्होरक्या कीथ रेन एकदा एक सुरेख हिरवा खडा घेऊन आला. राल्फनं तो मायेनं फिरवून पाहिला आणि परत केला. "तुझ्या घरी ठेव बाबा. माझ्या घरच्या हातचा नाही तो."

विनी कीथला पोचवायला फाटकापर्यंत गेली.

"हात घरचाच हवा ना रे?"

"हवाच."

"मग हा कुणाच्या घरचा?" तिनं आपला पंजा त्याच्या नाकासमोर धरला.

कीथ दाढी खाजवत राहिला. "विनीमावशी, आत गुडघाभर पाणी आहे. वाकून चालावं लागतं."

"वाकून फरशा पुसण्यात जन्म गेला माझा. मला नको शिकवूस."

चॅपलच्या केकविक्रीला जाते अशी थाप मारून ती कीथबरोबर खाणीकडे निघाली. पायांत राल्फचेच रबरी बूट, आत मोज्यांचे दोन जोड. आत शिरल्यावर तिची बोबडी वळली, खोटं कशाला सांगू. गारठा हाडात शिरत होता, छतातून पाणी गळत होतं. आपला नवरा आयुष्यभर इथं येत होता आणि आपण घरी नुसते बूट पुसत होतो, असं तिच्या मनात आलं. कीथनं दाखवलेल्या कपारीत तिनं चिखलात बोटं घातली. काहीतरी टोकदार लागलं. कीथ पुढे सरसावला.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली.

चिखलात बसून, एकेक बोट चिखल उकरत, तिनं तो खडा सोडवला.

घरी आली तेव्हा राल्फला खुर्चीत डुलकी लागली होती. लख्ख करून हातात द्यावा, असं तिला वाटलं. चिखलावर विनीला एकच उपाय ठाऊक, कढत पाणी आणि साबण. तिनं खडा सिंकमध्ये सोडला.

टक्.

एवढाच आवाज झाला. पण राल्फ जागा झाला.

"काय चिरलं?"

विनी दोन्ही हिरवे तुकडे टॉवेलात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "वरच्या खाणीतला आहे. मीच काढला, राल्फ. आणि मीच घालवला."

त्यानं तुकडे घेतले. तिच्या नखांतला चिखल पाहिला, पायांतले आपले बूट पाहिले.

"गरम पाणी घातलंस."

"मला काय ठाऊक?"

"खाणीतल्या गारठ्यातनं आलेला स्पार कढत पाण्यात चिरतो. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरांनाही सांगितलंय मी हे." मग त्यानं तुकडे मांडीवर ठेवले. "तुलाच नाही सांगितलं. कधी हातच लावू दिला नाही, तर सांगतोय कशाला. हा मी फोडला, पोरी. तू नाही."

विनी रडली. त्यानं तिला रडू दिलं आणि तिचा चिखलाचा हात धरून ठेवला.

"पेटी उघड," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मधल्या जागेशेजारचा तो जांभळा काढ."

"प्रदर्शनात बक्षीस मिळालेला?"

"काढ म्हणतो ना. एकाच्या जागेत दोन मावायचे कसे?"

तिनं काढला. "आता हे तू लाव."

"खाणीतून ज्यानं काढला त्यानं लावायचा."

तिनं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसवले. राल्फनं मान तिरकी करून पाहिलं, डावा जरा आत सरकवायला सांगितला आणि मग रात्रीचं जेवण मागून घेतलं.

मेंढ्यांना कोकरं झाली त्या सुमारास तो गेला. पेटी अजून विनीच्या पुढच्या खोलीत आहे. खोऱ्यातल्या मुली बघायला आल्या की ती काच उघडते, एकेक खडा त्यांच्या हातात देते, परसातल्या डोणीवर धुवायलाही लावते.

"पाणी गार घ्यायचं बरं का, पोरी," ती आधीच सांगून ठेवते.