दोन पट्ट्या आणि माझा भाऊ

"अहो, चौकशीत सांगून टाका ना, वारा फिरल्याचं मला कोणी कळवलंच नाही म्हणून!"

भावजय स्वयंपाकघरात दबक्या आवाजात भांडत होती. दार ओढलेलं होतं, पण मी पलीकडेच चादरींच्या घड्या घालत होते, आणि कानांची काही घडी घालता येत नाही.

"कळवलं होतं गं," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "कचेरीत निरोपाच्या टेबलावर बसतात त्या बाईंनी तोंडी सांगितलं. मी मानही डोलावली."

"लिहून तर दिलं नव्हतं ना? मग झालं! ती बाई तुमची कोण लागते?"

"कोणी नाही. म्हणून तिच्या गळ्यात घालू?"

भाऊ विमानतळावर जीप चालवायचा. धावपट्टी तपासायची, पडलेला खिळा, खडा, मेलेलं पाखरू उचलायचं. मी तांदळातले खडे निवडते, हा विमानांच्या वाटेतले. घराण्याचा धंदाच तो, असं मी म्हणायचे.

तिथे शेजारी शेजारी दोन पट्ट्या. एकीवर विमानं उतरतात, दुसरीवरून उडतात, म्हणजे कोणी कोणाच्या पायात येत नाही. पण विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा फिरला की ती दुसऱ्या टोकाकडून येतात. डावं-उजवं वैमानिकाच्या बाजूनं मोजायचं, त्यामुळे सकाळची डावी पट्टी दुपारी उजवी होऊन बसते. "म्हणजे माझ्या सासूची मर्जीच की!" मी म्हटलं होतं.

त्या दिवशी दहाला वारा फिरला. थोड्या वेळानं मनोऱ्यातून सांगितलं, डावी पट्टी तपासा. सकाळपासून तीन फेऱ्या मारलेला भाऊ त्याच जुन्या डावीवर गेला, जी आता उतरायची उजवी झाली होती. टेकायला आलेलं विमान गर्जत पुन्हा वर चढलं. आत दोनशेच्या वर माणसं. कोणाला ओरखडा नाही, पण भाऊ घरी आला तो मोज्यांसकट आंघोळीला उभा राहिला.

चौकशीत खरं बोलला तर पट्टीवर जायचा परवाना जाणार; खोटं बोलला तर त्या बाईची नोकरी.

तो खरं बोलला. परवाना गेला. त्याला कुंपणावर नेमलं. पायी फिरायचं, कुठे तार तुटली तर कळवायचं. भावजय महिनाभर त्याच्याशी माझ्यामार्फत बोलली. "ताई, विचारा त्यांना, जेवणार का?" आणि तो समोरच बसलेला! ती टेबलावरची बाईही तो दिसला की रस्ता बदलायची. बिचारीला काय बोलावं सुचत नसेल. घरावरून विमान गेलं की हा घास हातात धरून थांबायचा, आवाज विरेपर्यंत. वर्षं गेली तरी ते सुटलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी म्हटलं, "आज तरी लवकर ये रे."

"फेरी झाली की येतो, ताई."

मागच्या बाजूला कुत्र्यांनी तारेखाली उकरलं होतं. त्यानं पायानं माती लोटली, दाबली, कळवलं. उरलेलं कुंपण चालून पुरं केलं, फाटकावरच्या वहीत वेळ लिहिली, आणि घरी आला तो रोजच्याच वेळेला.