आबांच्या फोनवरून मळ्यातल्या मोटरला कॉल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं लिहायला बसले आणि लक्षात आलं की हे वाक्य आता मला पूर्वीसारखं ठणकावून लिहिता येत नाही. तरी लिहिते, कारण तेव्हा ते खरं होतं.

जळगावात पिंप्राळ्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरं एक्सेल शिकायला येतात आणि त्यांचे आईबाप मोबाईल घेऊन येतात. कोणी लग्नपत्रिका समजून भलतीच फाइल उघडलेली असते, कोणी ओटीपी सांगून मोकळं झालेलं असतं. एक काका तर रडतच आले होते — वारलेल्या बायकोचं व्हॉट्सॲप ऑनलाइन दिसतंय म्हणून. बघितलं तर सुनेच्या लॅपटॉपवर लॉगिन उघडं राहिलेलं! सगळ्यांचं पालुपद एकच, "मॅडम, आपोआप होतंय." आणि माझं उत्तरही ठरलेलं. "आपोआप काही होत नसतं. कुठंतरी कोणीतरी बटण दाबलेलं असतं."

आता अनुभव सांगते. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच आहे.

माझं सासर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मिस्टर नोकरीमुळे धुळ्याला असतात, सुटीला येतात. शेती बघतात ते माझे दीर, भूषणभाऊ. केळी आहे, विहीर आहे, विहिरीत मोटर आहे. लाईट कधी येईल नि जाईल याचा नेम नाही, म्हणून भाऊंनी मोटरच्या पेटीत मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड असतं. घरबसल्या त्या नंबरला कॉल करायचा... मोटर बंद असेल तर चालू होते, चालू असेल तर बंद होते. आत एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे, काय झालं ते ती सांगते. ज्यांचे नंबर आत नोंदवलेत त्यांचेच कॉल तो घेतो. याशिवाय 'ऑटो'चं बटण असतं. ते वर असलं तर लाईट आली की मोटर स्वतःच सुरू होते.

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, या खेळण्याचा फार नाद लागला. बाजारात चहा पिता पिता दोस्तांना दाखवायचे, "हे देखा, आते मोटर चालू करस!" पण वय झालेलं. चालू केली हे विसरायचे आणि पुन्हा कॉल करायचे. कधी शेजाऱ्याच्या वावरात पाणी शिरायचं, कधी केळी कोरडी राहायची. एकदा ऐन उन्हाळ्यात विहिरीचं पाणी संपलं तरी मोटर चालूच राहिली आणि जळाली. त्या रागात भूषणभाऊंनी स्टार्टरमधून आबांचा नंबरच काढून टाकला.

त्यानंतर आबा कॉल करायचे आणि ती बाई सांगायची, हा क्रमांक नोंदवलेला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते अक्कांना म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाले, "मनी विहीर माले वळखत नही." आपलीच विहीर आपल्याला ओळखत नाही, हे त्यांना फार लागलं. त्या दिवसापासून ते भूषणभाऊंशी बोलले नाहीत. एका घरात, एका पंगतीत जेवायचे, पण बोलले नाहीत ते नाहीतच. दिवाळीनंतर झोपेतच गेले. भाऊ स्मशानात लांब उभे होते, खांद्यावर कोणी हात ठेवला तर झटकत होते. मला त्यांची फार दया आली होती.

माणूस जातो, पण त्याचा नंबर कुठं कुठं अडकलेला असतो! बँक, गॅस, लाईटबिल, सगळ्यांचे ओटीपी आबांच्या फोनवर. अक्का तो बटणांचा साधा फोन रोज चार्ज करून देव्हाऱ्याशेजारी ठेवायच्या. मेलेल्या माणसाचा नंबर चालू ठेवणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून गावाला जाणं, असं मी क्लासमध्ये सांगते, मग घरात कसं चालेल? एकेक करून सगळं मिस्टरांच्या नंबरवर घेतलं, नंबर बंद केला आणि सिम माझ्या हातानं कात्रीनं कापलं. दोन्ही तुकडे कचऱ्यात टाकले.

फोन मात्र ठेवला, कारण अक्कांना आबांचा आवाज हवा होता. त्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. (पाहा, मीसुद्धा 'आपोआप' म्हणाले.) ते आवाज पेनड्राइव्हवर काढून दे, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ऐकू, असं अक्का म्हणाल्या. ती आबांच्या माघारी पहिलीच आखाजी होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. अक्कांचा हट्ट होता की आबांची घागर त्यांच्याच विहिरीच्या पाण्यानं भरायची. आणि नेमका आदल्या दिवशी मोटरचा केबल तुटला.

त्या दिवशी भर दुपारी मी क्लासमध्ये एकटी होते. पोरांना सुटी दिली होती, काम उरकून चोपड्याची बस पकडायची होती. बाहेर ऊन रणरणत होतं. आबांचा फोन वायरनं कॉम्प्युटरला जोडला होता आणि मी एकेक रेकॉर्डिंग ऐकत होते. नातेवाइकांचे थोडेच कॉल होते, बाकी बहुतेक मोटरला केलेले. ती बाई म्हणते, हा क्रमांक नोंदवलेला नाही. मग आबांचा श्वास, मागं बाजाराचा गलका, आणि फोन बंद. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. एकात ते हळूच म्हणतात, "मी शे ना... मी."

मी आहे ना, असं मशीनला सांगत होते हो ते! मला रडू आवरेना.

तेवढ्यात भूषणभाऊंचा कॉल आला. ते मळ्यात विहिरीवर होते, सोबत गावातले वायरमन नाना. भाऊंनी कानात ब्लूटूथ लावलेलं, हात मोकळे.

"वहिनी, निघाल्या का?"

"निघतेच. केबल झाला?"

"जोडतोय. लाईट नाही आत्ता. नाना म्हणतात संध्याकाळशिवाय येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर जाऊन फ्यूज काढायचा तर त्या टोकाला जावं लागतं, ऊन पाहा किती शे..." मग म्हणाले, "वहिनी, आबांचा नंबर नक्की बंद झाला ना?"

"असं का विचारता?"

"काही नाही. हातात उघडी वायर आहे, म्हणून विचारलं."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "भाऊ, सिम मी स्वतः कापलंय. स्टार्टरमध्ये आता दोनच नंबर आहेत, तुमचा आणि माझा. आणि आपण दोघं एकमेकांशीच बोलतोय. तिसरं कोण कॉल करणार? बिनधास्त हात घाला."

"बरं," ते म्हणाले.

आणि टेबलावरच्या आबांच्या फोनचा उजेड लागला.

मला वाटलं कॉपी संपली असेल. पाहिलं तर स्क्रीनवर वर सिम नसल्याची फुली होती, आणि खाली लिहिलेलं होतं — 'मळा मोटर... कॉल करत आहे'.

फोनला माझा हात लागला नव्हता. माझा एक हात माझ्या फोनवर, दुसरा माउसवर. त्या लहानशा स्पीकरमधून रिंग ऐकू येत होती. कापलेल्या सिमची रिंग! मी नुसती बघत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग कुठून आवाज आला कोण जाणे, मी बेंबीच्या देठापासून ओरडले,

"हात काढा! भाऊ, हात काढा!"

पलीकडे काहीतरी खाली पडलं. लगेच ताडकन मोठा आवाज झाला, मोटरची क्षणभर घरघर, आणि नानांची आरोळी, "लाईट उनी! लाईट उनी रे!" मग सगळं शांत. मी "भाऊ, भाऊ" करत होते आणि उत्तर येत नव्हतं. तेवढा वेळ मी काय काय कबूल केलं देवापाशी, ते इथं लिहीत नाही.

"वहिनी," शेवटी आवाज आला. "मी शे. बरा शे."

इकडे आबांच्या फोनवर 'रेकॉर्डिंग सेव्ह झाले' असं उमटलं आणि उजेड गेला.

संध्याकाळी मी मळ्यात जाऊन पाहिलं. केबलची टोकं काळी पडली होती, खालचं गवत जळालं होतं. भाऊंनी एवढासा उशीर केला असता तर... पुढचं मला अजून मनातही म्हणवत नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळे प्रश्न मी आधी स्वतःला विचारले. सिम नसलेल्या फोनवरून असा कॉल लागत नाही. लागला तरी स्टार्टरनं तो घ्यायला नको, आबांचा नंबर त्यातून केव्हाच काढलेला. ओळखीच्या मोबाईलवाल्याला तो फोन उघडून दाखवला, त्यालाही काही सापडलं नाही. स्टार्टरच्या दुकानदारानं खांदे उडवले. लाईट येताना कधी कधी काहीही होतं म्हणे. होत असेल. पण ते पिंप्राळ्यात माझ्या टेबलावर कसं होईल?

आणि याहून वाईट प्रश्न पुढं आहे. भाऊ म्हणतात, हात घालायच्या आधी ऑटोचं बटण मी खाली केलं होतं. नाना म्हणतात, वरच होतं. पण घाबरून नानांनी पेटीतलं दिसेल ते बटण खाली पाडलं, त्यामुळे खरं काय ते आता दोघांनाही शपथेवर सांगता येत नाही. ऑटो वर असेल, तर लाईट आल्यावर मोटर स्वतःच सुरू झाली आणि आबांच्या कॉलनं ती लगेच बंद केली. खाली असेल, तर आबांच्या कॉलनंच ती सुरू केली आणि केबल जळून बंद पडली. कॉल एकच असतो. चालू करायलाही तोच, बंद करायलाही तोच.

अक्कांना असला काही प्रश्न पडला नाही. भाऊंच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तुना बाप शे तो. तुले वाचाडाले उना." दुसऱ्या दिवशी आखाजीला भाऊ एकटे विहिरीवर गेले, मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही, दोर-बादलीनं पाणी काढलं आणि घागर भरून आणली. पूजा झाल्यावर मागच्या अंगणात मला म्हणाले,

"वहिनी, तुम्ही त्यातल्या जाणकार. खरं सांगा. आबा मला वाचवायला आले, का अजून रागातच आहेत?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, "भाऊ, फोन माझ्यासमोर का पेटला? मी तुमच्याशी बोलत असतानाच का? मी ओरडावं म्हणूनच ना?"

"आणि कॉल कशाला लावला?" ते म्हणाले. "त्या बाईनं काय सांगितलं, ते ऐकलं तुम्ही? फोनमध्ये रेकॉर्ड होतं ना सगळं."

"नाही," मी म्हणाले. "काहीच रेकॉर्ड झालं नाही."

ते खोटं होतं. फाइल आहे. अक्कांना आबांचे आवाज दिले त्यात ती घातली नाही, वेगळ्या पेनड्राइव्हवर माझ्या कपाटात आहे. भाऊंनी तो स्टार्टर काढून टाकला. आता केबलला हात लावायचा तर आधी डीपीपर्यंत चालत जातात, फ्यूज काढून खिशात घेऊन येतात. मळ्यात एकटे थांबत नाहीत. मागच्या आखाजीलाही घागर भरून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, काही सापडलं का?" मी नाही म्हणाले.

कधी कधी क्लास सुटल्यावर मी ती फाइल समोर घेऊन बसते, हेडफोनही लावते. त्या बाईनं शेवटी काय सांगितलं असेल, चालू झाली की बंद झाली, एवढंच तर ऐकायचंय. बंद म्हणाली असेल तर एका माणसाचं आयुष्य सोपं होईल. पण चालू म्हणाली असेल तर? मी भाऊंना कोणत्या तोंडानं सांगू? आणि आबांच्या फोटोला हार कसा घालू?

कुठंतरी कोणीतरी बटण दाबलेलं असतं, असं मी लोकांना सांगत आले. हे एक बटण मात्र माझ्यानं अजून दाबवलेलं नाही.