आईने घासलेला आरसा

असले अनुभव वाचून त्याखाली खवचट कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. भूतबीत, साक्षात्कार वगैरे काही नसतं, हे माझं ठाम मत होतं... अजूनही बरंचसं आहे. त्यामुळे आता माझ्यावर काय टाकायच्या त्या कमेंट टाका.

आई शाळेत भूगोल शिकवायची. रिटायर झाल्यावर ती आकाशदर्शनवाल्या हौशी मंडळींत शिरली आणि दुर्बिणीचा आरसा स्वतः घासायला बसली. काचेवर काच, मध्ये पाणी आणि खरखरीत पावडर — आमच्या डायनिंग टेबलावर कित्येक महिने जेवण बंद. कात्रजच्या पुढे डोंगरमाथ्यावर या मंडळींची छोटी वेधशाळा आहे. तिथल्या मोठ्या दुर्बिणीत तो आरसा बसला. पण तोवर काचबिंदूने आईचा एक डोळा गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. तिला आपल्या आरशातून एकदा शनी बघायचा होता. बस्स, एवढंच.

थंडीतली संध्याकाळ, नुकतं अंधारलेलं. मंडळींचा रिवाज असा की, आरसा घासणाऱ्याने सगळ्यात आधी बघायचं. त्याआधी कुणीही डोळा लावायचा नाही. म्हणून दुर्बीण सांभाळणाऱ्या समीरने बाजूला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीतून शनीवर नेम धरला आणि आईला स्टुलावर बसवलं. मागे रांग. हिला काहीच दिसलं नाही तर?

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दिसला. कडं अगदी बारीक आहे, रेघेसारखं. उजवीकडे खाली एक ठिपका... आणि डावीकडे जरा लांब दुसरा."

रांगेने टाळ्या वाजवल्या. मग मी डोळा लावला, तर मिट्ट काळोख. आमचं मन राखायला आई खोटं बोलली असं वाटून मला भरून आलं. तेवढ्यात समीरने टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला. नळीच्या तोंडावरचं मोठं झाकण कुणी काढलंच नव्हतं.

झाकण काढल्यावर मी पुन्हा पाहिलं — बारीक कडं, उजवीकडे खाली ठिपका, डावीकडे लांब दुसरा. ते ठिपके म्हणजे शनीचे चंद्र. ते कुठे आहेत हे सांगणारं आकाशाचं अ‍ॅप आईच्या फोनमध्ये नाही, आणि असतं तरी तिला ते दिसलं नसतं. शिवाय या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तिने सांगितलं तेही तसंच उलटं.

समीरने ओशाळून तिला काय झालं ते सांगितलं आणि पुन्हा बसवलं. तिने पाहिलं, डोळा पुसला, परत पाहिलं.

"आता नुसतं धुरकट आहे," ती म्हणाली. "असू दे. माझा बघून झालाय. लोकांना किती वेळ ताटकळत ठेवणार?"

नंतर डॉक्टरांना विचारलं. उरलेल्या नजरेत इतके बारीक ठिपके दिसणं शक्यच नाही, म्हणाले. झाकणाचं मी त्यांना सांगितलंच नाही... काय सांगणार?

त्या संध्याकाळी आई शाल गुंडाळून खुर्चीवर बसली होती आणि रांगेतला प्रत्येक जण शनी पाहून झाला की तिच्याकडे वळून बघत होता. आणि कुणी विचारो न विचारो, मी प्रत्येकाला सांगत होतो — आरसा हिने घासलाय, ही माझी आई.