शिडाच्या दांडीचं नवं तोंड

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला. त्यातला बराचसा मी नवऱ्याच्या नावावर खपवला. हा मात्र माझाच. जिथं घट्ट पकड हवी होती, तिथं मी बोटभर वंगण चोपडलं.

धाकटी जाऊ कोकणातली. दीर धरणावर इंजिनियर, क्वार्टर पाण्याच्या काठालाच. ही बाई लग्नात रुखवतासोबत एक लांब फळी आणि शीड घेऊन आली. फळीवर उभं राहायचं, शिडाची दांडी दोन्ही हातांनी धरायची, अन् वाऱ्यासोबत पाण्यावर धावायचं. कापसाची ती वाईट वर्षं. धरणाजवळच्या खरेदी केंद्रावर बैलबंड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या, माणसं एकमेकांशी बोलेनात. पण हिचं शीड पाण्यावर दिसलं की तीच माणसं बैलांना कडबा टाकून काठावर येऊन बसायची, हसायचीसुद्धा.

अन् मी यवतमाळला बसून जळायची. सासूबाईंनी इतक्या वर्षांत माझ्या भाकरीचं तेवढं कौतुक केलं होतं, तेही पाहुणे आले की मला चुलीपुढं बसवता यावं म्हणून. हिला पाण्यावर कधी पाहिलं नव्हतं, तरी नुसत्या ऐकीव गोष्टीवर म्हणायच्या, "पोरगी हाये का पाखरू!" एकदा दार लावून मी आरशासमोर हात पसरून पाहिले. पाखरू कुठलं, खुराड्यातून हुसकलेली कोंबडी दिसली.

होळीच्या सुमारास तिच्या दांडीचं तोंड तुटलं. ही दांडी म्हणजे दोन वाकवलेले पाइप. ते पुढं जिथं जुळतात तिथं तोंड म्हणजे प्लॅस्टिकचा जबडा असतो, तो उभ्या डोलकाठीला आवळून धरतो. नवा जबडा मुंबईहून पार्सलनं आला. त्याच आठवड्यात रविवारी सासूबाई पहिल्यांदा पाहायला येणार होत्या. मी आदल्या दिवशीच एसटीनं पोचले आणि म्हटलं, मी बसवते. घरातली इस्त्री, स्टो, फवारणीचा पंप, सगळं मीच उघडायची. बेत असा की ही पाण्यावर धावेल, सासूबाई वाहवा करतील, अन् तेवढ्यात मी सांगेन, तोंड कोणी बसवलं ते. निम्मी वाहवा माझी.

जुनं तोंड पाइपात गच्च बसलं होतं. स्क्रू काढले, वरून गरम पाणी ओतलं, तरी हलेना. शेवटी आम्ही दोघी अंगणात समोरासमोर बसलो, पायाच्या तळव्यांना तळवे लावले, एकीनं पाइप, दुसरीनं तोंड धरलं आणि ओढलं. ते सुटलं तशा दोघी उताण्या. ती खूप हसली. मीही हसले, पण तिचे दंड पाहत. माझ्यापेक्षा घट्ट होते.

ती चहा टाकायला आत गेली. मी नवं तोंड पाइपात सरकवलं, भोकं जुळवली, स्क्रू आवळले. इथवर सगळं बरोबर. पण मी बंडीवाल्याची लेक. बाप म्हणायचा, नवा जोड बसवला की आधी वंगण. मी जबड्याच्या आतल्या रबराला छान वंगण लावलं, अन् बोटाला उरलेलं पदराला पुसलं.

रविवारी काठावर ही गर्दी. सासूबाई खुर्चीवर. जाऊ निघाली, शिडात वारा भरला, ती मागं रेलली. सासूबाईंनी तोंड उघडलं, मीही माझं वाक्य तयार केलं. तेवढ्यात दांडी डोलकाठीवरून सर्रकन खाली आली, थेट तिच्या गुडघ्यांपर्यंत. ती मागच्या मागं पाण्यात. सगळा काठ हसला. खरं सांगते, सगळ्यांत आधी मी हसले.

मग वंगण आठवलं आणि मी तोंडाला पदर लावला. ती छातीभर पाण्यातून फळी ओढत आली. सासूबाईंनी विचारलं, "कोनं बसवलं व ते?" जाऊनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "मीच बसवलं," ती म्हणाली, "घाई केली." सासूबाई म्हणाल्या, "मोठीले सांगाचं ना, तिले जमते असं काम." इतक्या वर्षांनी मिळालेलं कौतुक, तेही हिच्या पडण्यातून. अन् तरी मी जळलेच. पडली तीही काय ऐटीत!

सगळे चहाला गेले. ती ओल्या कपड्यांनीच पायरीवर बसून रॉकेलच्या चिंधीनं जबडा पुसत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि दुसरी चिंधी घेतली. मुद्दाम नाही केलं, असं म्हणायला गेले, पण ते पुरतं खरं आहे का, हे माझं मलाच कळेना. तिनं रबरावर अंगठा दाबून पाहिला आणि मान वर न करता म्हणाली, "जाऊबाई, मला पडताना बघायचं होतं तर नुसतं सांगायचंत. मी रोज दहादा पडते. मी उभी असते तेवढंच तुम्ही बघता."