प्रसूतीविषयक इच्छापत्र

दवाखान्यात भरती होताना मी एक कागद सोबत नेला होता. त्यावर तीन ओळी होत्या आणि वर एक मथळा होता. लोकांनी फक्त मथळा वाचला. तो मीच दिलेला, त्यामुळे दोष द्यायचाच तर त्यातला मोठा वाटा माझ्या पदरात पडतो. पण उरलेला वाटा घ्यायलाही त्या दिवशी बरीच मंडळी हजर होती.

मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणायचं काम करते. शब्दांचा माज असलेली काही माणसं असतात, त्यातली मी एक. दुसऱ्या बाळंतपणात तारीख उलटून आठ दिवस गेले तरी कळांचा पत्ता नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या सकाळी सातला या, औषधानं कळा आणू. मी घरी आले आणि कागद-पेन घेऊन बसले. माझ्या मैत्रिणी अशा कागदाला ‘बर्थ प्लॅन’ म्हणतात. मला तो शब्द केकवर क्रीमनं लिहिल्यासारखा वाटतो. म्हणून मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘प्रसूतीविषयक इच्छापत्र’. दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले.

खाली तीन इच्छा होत्या. एक, कारण नसताना मला दिवसभर उताणं निजवून ठेवू नये, चालू द्यावं. दोन, सलाईनमधलं कळांचं औषध वाढवण्याआधी मला सांगावं. तीन, मला विचारल्याशिवाय कापू नये.

पहिल्या दोन खरं तर तिसरीच्या सोबतीला होत्या. सगळा कागद तिसरीसाठी लिहिला होता.

चार वर्षांपूर्वी थोरलीच्या वेळी, दुसऱ्या एका दवाखान्यात, मला कुणी विचारलं नव्हतं. बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि कळेच्या ऐन भरात कात्रीचा आवाज आला. जाड कापड कापताना येतो तसा. मला वाटलं, काहीतरी पट्टी-बिट्टी कापत असतील. टाके घालायला बसले तेव्हा कळलं की मलाच कापलं होतं. किती टाके, असं विचारलं तर तिथली सिस्टर म्हणाली, ‘ते नसतात मोजायचे.’ पुढे सव्वा महिना मी एका कुशीवर तिरपी बसून पोरीला पाजलं. दुखण्याचं मी समजू शकते. पण मी तिथे होते, शुद्धीत होते, मला कान होते, आणि माझ्याच अंगाबद्दल मला एक शब्द सांगावासा कुणाला वाटला नाही. त्याची चीड चार वर्षांत तसूभरही कमी झालेली नाही.

तर मे महिन्यातली सकाळ. सात वाजता बाहेर ऊन तापायला लागलेलं, दवाखान्याच्या दालनात कूलर घरघरत होता आणि भिंतीवर एक गोरं, निळ्या डोळ्यांचं, फुलाच्या पाकळ्यांत झोपलेलं बाळ टांगलेलं. नागपुरातल्या एकाही बाईच्या पोटी जन्मण्याची शक्यता नसलेलं हे बाळ इथल्या प्रत्येक दवाखान्यात का असतं, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यासोबत नवरा, सासू आणि सासरे होते. सासूबाई भरतीच्या खिडकीशी उभ्या राहून फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होत्या. नणंद पाच महिन्यांची गरोदर, नरखेडकडे सासरी, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून पावसाळ्यात इकडेच येणार होती. ‘काही नाही वं, सलाईन लावते अन् होऊन जाते,’ असं त्या तिला सांगत होत्या. माझ्या बाळंतपणाचा निकाल त्यांनी सात वाजून दहा मिनिटांनी लावून टाकला.

आत सिस्टरनं माझं वजन केलं, रक्तदाब पाहिला, फाइल उघडली. मी कागद दिला. तिनं मथळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मथळा वाचला आणि फाइल छातीशी धरून बाहेर गेली. मला वाटलं, पाहा, लिहून दिलं की कसा फरक पडतो. डॉक्टरांना दाखवायला गेली असणार.

ती गेली होती माझ्या सासूकडे.

दोनच मिनिटांत सासूबाई पदर तोंडाला लावून आत आल्या. ‘काय वं हे? काहून लिहिलं असं? आम्ही काय मेलो का, तुले मरणाचे कागद करा लागले?’

मला आधी काही उमगेना. मग नवरा आत आला, त्याचा चेहरा पडलेला. ‘यार, तू मृत्युपत्र काहून लिहून राहिली? आजच्या दिवशी?’

इच्छापत्र. मृत्युपत्र म्हणायला अभद्र वाटतं म्हणून आपल्याकडे सभ्य लोक मृत्युपत्रालाच इच्छापत्र म्हणतात. हे मला ठाऊक होतं. कचेरीत मी स्वतः असले कागद पाहिले आहेत. तरीही शब्दाच्या प्रेमात पडून, बाळंतपणाला निघताना, मी तेच ‘प्रसूतीविषयक’ असं विशेषण लावून लिहिलं होतं. दिवसभर मी इतरांच्या अकलेची जी कीव केली तिच्या आधी हे नोंदवलेलं बरं.

मागून सासरे आले. ते सावनेरच्या दस्तनोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले. इतर लोक घाबरले होते, पण सासऱ्यांना त्यांचा विषय मिळाला होता. चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी कागद हातभर लांब धरला. ‘हे चालत नाही. मालमत्तेचा तपशील कुठी आहे? अन् दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराच्या सह्याच नाहीत. आमच्या कचेरीत आलं असतं तर मी खिडकीतूनच वापस केलं असतं.’

मी मरणार म्हणून सासू रडत होती, आणि माझं मरण रीतसर नाही म्हणून सासरे नाराज होते.

‘खालचं वाचा,’ मी म्हणाले. ‘तीनच ओळी आहेत. कुणीतरी वाचा हो.’

कुणी वाचेना, तेव्हा मी नवऱ्याला मोठ्यानं वाचायला लावलं. पहिली ओळ त्यानं खणखणीत वाचली. दुसरी बऱ्यापैकी. तिसरीशी त्याचा आवाज इतका बारीक झाला की मीच उरलेलं वाक्य पुरं केलं, ‘विचारल्याशिवाय कापू नये.’ सासरे तत्काळ बाहेर जाऊन त्या निळ्या डोळ्यांच्या बाळाचं निरीक्षण करू लागले. सासूबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याच्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी करून मुठीत धरली. मला वाटलं, फाडून टाकणार.

डॉक्टरबाई आल्या त्या हसतच. सिस्टरनं सगळं आधीच सांगितलेलं. ‘अगं, इतकं निगेटिव्ह नाही बोलायचं! पॉझिटिव्ह राहा. तू फक्त को-ऑपरेट कर.’ मग माझ्या पोटावर हात ठेवून, माझ्या डोक्यावरून, नवऱ्याला म्हणाल्या, ‘पेशंटनं को-ऑपरेट केलं तर संध्याकाळपर्यंत मोकळी होईल.’

को-ऑपरेट. या शब्दाचं मराठी मला पुरतं येतं, रोजचं कामच ते आहे. सहकार्य. त्यात निदान दोन माणसं लागतात आणि दोघांनी काहीतरी करावं लागतं. दवाखान्यात मात्र त्याचा अर्थ एकीनं निमूट पडून राहावं असा आहे. मी सलाईनच्या दांड्यासह उठून उभी राहिले की को-ऑपरेट करत नव्हते. थेंब कुठल्या वेगानं पडताहेत हे विचारलं की को-ऑपरेट करत नव्हते. पोटावरचा पट्टा अर्धा तास लावून झाला, बाळाचे ठोके चांगले आहेत असं तुम्हीच म्हणालात, मग आता चालते, असं म्हटलं तेव्हा सिस्टरनं डोळे असे फिरवले की मला तिच्या डोळ्यांची काळजी वाटली.

पण चालले. अकरा ते दोन, त्या खोलीतल्या खोलीत, एका हातात सलाईनचा दांडा ढकलत मी फेऱ्या घातल्या. दांड्याचं एक चाक अडायचं. कळ आली की खाटेचा गज धरायची. एकदा माझी पाठ वळलेली पाहून सिस्टरनं सलाईनची चकती फिरवली.

‘वाढवलं का?’

‘थोडंसंच.’

‘सांगणार होतात.’

‘सांगून काय होते? कळा तर येणारच न.’

‘तरी सांगा.’

तिनं सुस्कारा सोडला. पुढच्या वेळी मात्र ‘वाढवून राहिली बरं का बाई’ असं साऱ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. मी त्यालाही विजय मानलं. नवरा दारातून डोकावून, ‘तू भांडू नको ना यार, ते लोक नाराज होतात,’ असं सांगून गेला. ते लोक नाराज होतात! बाळ मला होणार होतं, आणि हा माणूस दवाखान्याची मर्जी राखत होता. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. थोरली मोठी होऊन वाचेल.

सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. एका बाईला आत राहू देत होते आणि मला ती बाई माझी आई हवी होती, पण आई थोरलीला घेऊन घरी होती. सासूबाई आपल्या बाजूनं काही बोलतील अशी मला अजिबात आशा नव्हती. सात वर्षांत त्यांनी डॉक्टर, मास्तर आणि तलाठी यांच्यासमोर ‘हो जी’ याखेरीज काही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. माहेरी ‘काहून’ म्हटलं की आई ‘का म्हण’ म्हणून दटावायची, आणि लग्नानंतर ज्या घरात गेले तिथे सगळेच काहून म्हणतात. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात जरा खालीच बसवलं होतं. खरं सांगायचं तर बरंच खाली.

तीननंतर कळा अशा यायला लागल्या की एक संपायच्या आत दुसरी. औषधाच्या कळांना श्वास घेऊ देणं माहीत नसतं. चारच्या सुमाराला मला टेबलावर घेतलं. डॉक्टरबाई हातमोजे घालून समोर बसल्या. जोर लाव, थांब, जोर लाव. पट्ट्याचं यंत्र टिकटिकत होतं, मग ती टिकटिक मंदावली. डॉक्टरबाईंनी सिस्टरकडे हात पुढे केला आणि सिस्टरनं ताटलीतून कात्री उचलली.

मी पाहिली. दिवसभर मी याच घटकेसाठी भांडत होते. वाक्य तयार होतं, चार वर्षं तयार होतं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तोंड उघडं, त्यातून नुसता गुरासारखा आवाज. शब्दांचा माज असलेली बाई, आणि ऐन वेळी दोन शब्द जमले नाहीत. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

‘मॅडम.’

सासूबाई उठून माझ्या डोक्याशी आल्या होत्या. त्यांच्या मुठीत तो कागद होता, घामानं चिंबलेला.

‘मॅडम, तिनं लिहून देल्लं आहे. तिले इचारा.’

‘आई, आत्ता ही वेळ आहे का?’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

‘आत्ताच तर हाय. तिले इचारा.’

डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘ऐक. बाळाचे ठोके कमी होताहेत. डोकं इथे अडलंय. भूल देऊन छोटा कट दिला तर पुढच्या कळेत येईल. नाही दिला तर थांबावं लागेल आणि मला थांबायचं नाहीये. देऊ?’

अर्धं मिनिटही लागलं नसेल बोलायला. एवढंच होतं.

मी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, ‘तोंडानं सांग वं.’

‘द्या,’ मी म्हणाले.

पुढच्या कळेत धाकटी आली. दोन क्षण गप्प राहिली आणि मग असा टाहो फोडला की बाहेर सासऱ्यांनाही ऐकू गेला. सिस्टरनं ‘मुलगी’ हे शोकसभेच्या आवाजात सांगितलं, आणि तेवढ्यासाठी मी तिला कधीही माफ करणार नाही. टाके घालताना मी विचारलं, किती. डॉक्टरबाईंनी मोजून सांगितलं, पाच.

खोलीत आणल्यावर सासरे भेटायला आले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि घसा खाकरून म्हणाले, ‘कापलं म्हणते सिस्टर. मंग त्या कागदाचा काय उपयोग झाला? सकाळपासून एवढा तमाशा.’

नवऱ्यानं मान डोलावली. या दोघांना काय आणि कुठून समजवायचं? थोरलीच्या वेळेइतकेच टाके असतील, किंवा एखादा कमीजास्त. यांच्या लेखी तेवढीच गोष्ट होती.

‘तुम्ही दोघं चहा पिऊन या,’ सासूबाई म्हणाल्या. दोघे गेले. सासूबाईंनी दार लावलं, खाटेच्या कडेला बसल्या आणि बाळाचं दुपटं सारखं करत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘मले तिन्ही वेळा कापलं. कोणी इचारलं नाही. मले वाटे, असंच राह्यते.’



त्यांनी तो मुठीतला कागद गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सरळ केला.

‘पोरगी येते पावसाळ्यात. तिच्यासाठी असाच एक लिहून दे. पण वरतं इच्छापत्र नको लिहू.’

‘काय लिहू मग?’

‘काही नको लिहू. तिचं नाव लिहाचं फक्त.’ मग म्हणाल्या, ‘अन् खाली साक्षीदार लागते म्हणे. तिथं माझी सही घे.’