गजूच्या टाचा

गजानन गेल्याचं त्याच्या मुलीनं, पल्लवीनं, सकाळी फोन करून सांगितलं आणि मी लगेच जुन्या सोबत्यांना कळवायला बसलो. पहिल्या तिघांनी विश्वासच ठेवला नाही. एक तर म्हणाला, "शाम, सकाळी सकाळी काहून फेकून राहिला बे?" दोष त्याचा नाही. स्मृती नगरपासून उतईपर्यंत माझी ख्यातीच अशी आहे, की मी पाऊस आला म्हटलं तर लोक छत्री घरी ठेवून निघतात. शेवटी पल्लवीलाच फोन करावे लागले... बाप घरात ठेवलेला, आणि ती पोर माझ्या शब्दाला जामीन राहत होती.

गजू हा भिलाईतला एकमेव रग्बीभक्त. ही थाप नाही. दुसरा कोणी असेल तर त्यानं समोर यावं, चहा माझ्याकडून. कधीतरी टीव्हीवर त्याला आपल्या देशाच्या मुलींचा सामना दिसला आणि हा माणूस कामातून गेला. कोण कुठल्या गावची, कोणाचा खांदा दुखावलाय, सगळं तोंडपाठ. "शाम्या, पाह्य न," तो मला समजावायचा, "जाचं समोर, पण बॉल द्याचा मांगं. मांगच्यावर भरोसा नसन, तं हा खेळच नाही."

आम्ही दोघं दुर्गला रेल्वेगाड्यांची चाकं तपासायचो. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी, मधे अख्खी गाडी. त्याचं तोंड मी जितकं पाहिलं, त्याच्या शंभरपट डब्यांखालून त्याचे पाय पाहिले असतील. तपासणी संपली की प्रत्येकानं ओरडून सांगायचं, "माझी बाजू ठीक!" पलीकडच्या बाजूबद्दल बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

एका दुपारी ओडिशाकडून आलेली गाडी यार्डातच अडली. एका डब्याचा ब्रेक चिकटला होता. आम्ही धावलो. उकाड्यानं हैराण झालेले प्रवासी खडीवर उतरले होते. मी माझ्या बाजूनं वाकलो, तर पलीकडे एक लंबगोल चेंडू वेडेवाकडे टप्पे खात गजूच्या बुटांपाशी आला. त्याच्यामागे स्लिपरा घातलेले पाय धावत आले... आणि मग गजूचा आवाज. एकेकीचं नाव घेणारा. एक नाव, एक किंचाळी, मग हसणं. पुन्हा एक नाव. सामन्याला निघालेला त्याचा लाडका संघ, आणि त्यांना नावानिशी ओळखणारा, काळ्या ग्रीसनं माखलेला हा म्हातारा! तेवढ्यात ब्रेक सुटला, शिट्टी झाली, गाडी गेली. रुळांपलीकडे गजू रिकाम्या हातांनी उभा होता. फोन ऑफिसात चार्जिंगला. "शाम्या," तो म्हणाला, "त्यायनं मले बॉल देल्ला. दोनदा."

बस, एवढंच. आणि एवढ्यावर थांबेन तर मी कसला! संध्याकाळी टपरीवर मी गाडी पाऊण तास रोखून धरली, गजूला पोरींच्या खांद्यावर चढवलं आणि कप्तानाच्या हातून त्याला घामेजलेली जर्सीसुद्धा देववली. मी आपला त्याची गोष्ट सजवत होतो हो... दुसऱ्या दिवसापासून लोक गजूला धरू लागले, "काढ न जर्सी, दाखव!" जर्सी नव्हती. मग पोरीही नव्हत्या, चेंडूही नव्हता. गजूनं ती गोष्ट सांगणंच सोडलं. मला एवढंच म्हणाला, "तू तं तिकडून होता न बे? आपल्या बाजूचं सांगाचं असते." आमचा चहा चालू राहिला, पण रग्बीचं नाव त्यानं माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही.

तेरवीच्या दिवशी माणसं पांगल्यावर पल्लवी जवळ येऊन बसली. "काका, सच बताओ. बाबाले त्या मुली खरंच भेटल्या होत्या का? आईले बी ते झूठच वाटते."

जन्मात पहिल्यांदा मला गोष्ट लहान करून सांगायची होती. फार कठीण काम. तोंडाशी हत्ती येत होते, मी एकेक गिळत होतो. "बेटा, मी गाडीच्या पलीकडं होतो. तोंडं नाही दिसली मले, पाय दिसले. तुह्या बाबाचे बूट अन् आजूबाजूनं स्लिपरा. नावं घेतलेली आयकली मी. अन् बॉल खालून वर गेला न, तवा त्याच्या टाचा वर उचलल्या. दोन्ही. गाडी हालेपर्यंत खाली नाही आल्या."

ती उठली. मला आतल्या खोलीत घेऊन गेली. टीव्हीसमोर एक सतरंजी होती. गजू म्हणे सामना कधी बसून पाहत नसे, तिथंच उभा राही. सतरंजी चांगली धड होती. फक्त टीव्हीकडच्या कडेला, चवड्यांच्या जागी, दोन ठिकाणी पार विरलेली. टाचा पडायला हव्यात तिथला रंग कोरा करकरीत.

"आई," पल्लवी बाहेर जात म्हणाली, "झूठ नव्हतं वो ते."

त्या दोघींचं रडणं की हसणं स्वयंपाकघरातून ऐकू येत राहिलं. मी खोलीत एकटाच. त्या दोन विरलेल्या जागांवर चवडे ठेवून पाहिले. टीव्ही बंद होता. बराच वेळ उभा राहिलो... माझ्या टाचा काही उचलेनात.