कायमचा शिकाऊ

माझ्या मावसभावाइतका शिकलेला माणूस जबलपुरात दुसरा नसेल, आणि त्याच्याइतका शिकाऊही नसेल. आयटीआय झाल्यापासून दादा कुठल्या ना कुठल्या कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करायचा. आधी फिटर झाला, मग वेल्डर, मग इलेक्ट्रिशियन. प्रमाणपत्र हाती पडलं की कारखाना हार घालून निरोप द्यायचा, नवी स्वस्त बॅच आत घ्यायचा आणि दादा दुसऱ्या फाटकावर रांगेत. रांझी भागातल्या त्याच्या घरात देवांपेक्षा लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं जास्त आहेत. मावशी दोघांनाही उदबत्ती ओवाळते, कोण पावेल सांगता येत नाही म्हणून.

इतकी वर्षं उस्तादाच्या नजरेखाली काढल्याने त्याला एक खोड जडली. हातात कसब भरपूर, पण पाठीमागून कुणी "ठीक है" म्हटल्याशिवाय काम झालं असं त्याला वाटतच नसे. सुट्टीच्या दिवशी मला फोन यायचा, "अरे, मिक्सर खोलून राहिलो, ये ना जरा." मी बँकेतला माणूस, मला मिक्सरमधलं चटणीपलीकडे काही कळत नाही, असं म्हटलं की सांगायचा, "तुले काहून कळाले पाहिजे? तू फक्त उभा राह्य." मी उभा राहायचो, मान हलवायचो आणि मिक्सर चालायचा.

मग एका कारखान्यात कायम नोकरीची जागा निघाली, त्याच्या वयाला चालणारी शेवटची. प्रात्यक्षिक परीक्षेत दादाने लोखंडाचे दोन तुकडे असे बसवले की फटीतून उजेडही जाऊ नये, आणि तेही वेळेआधी. ते फक्त टेबलावर जमा करायचे होते. हा मात्र कुणीतरी "ठीक है" म्हणेल म्हणून हातात धरून उभाच राहिला. परीक्षकांना वाटलं, काम चालू आहे. घंटा झाली, आणि जमा न केलेल्या कामाला गुण नसतात. "कोणी काही बोललंच नाही रे," एवढंच तो मला म्हणाला. मला आधी हसू आलं, मग त्या हसण्याचीच लाज वाटली.

आता त्याने घराजवळच दुरुस्तीची टपरी टाकली आहे. पहिल्या दिवशी मी बाकावर बसलो होतो. कूलरचा पंप घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "भैया, चलेगा ना?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड फिरवलं. पाठीमागून त्याचा आवाज आला, "चलेगा, बाबूजी. मैं बोल रहा हूँ ना."

त्यानंतर त्याने मला कधी बोलावलं नाही. आनंद आहेच. पण नुसतं उभं राहण्यापुरतीही आपली कुणाला गरज उरली नाही, हे काही बरं वाटत नाही.